जुन्या मोटारीचे मोल

उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की आपल्या इंदापूर तालुक्यात काही विषय हमखास निघतात. घरावर स्लॅब टाकायचा का, राहिलेल्या रानात ठिबक करायचे का, आणि अलीकडे त्यात आणखी एकाची भर पडली आहे : एखादी जुनी चारचाकी घ्यावी का? बावड्यासारख्या गावी राहणाऱ्याला ही काही चैन म्हणता येणार नाही. मोठा दवाखाना अकलूजला, नाहीतर इंदापूरला. मुलांचे कॉलेज बारामतीला. गुरुजी आणि बाई दोघेही नोकरीला असतील तर दोन शाळा दोन दिशांना. रात्री घरात कुणाचे पोट दुखू लागले, तर एस. टी.ची वाट पाहून भागत नाही. नवी लहान गाडी घ्यायची म्हणजे ती रस्त्यावर येईपर्यंत चार-पाच लाख रुपये मोजावे लागतात. मग साहजिकच नजर वळते ती दहा-बारा वर्षे वापरलेल्या आल्टोकडे, वॅगन-आरकडे, सँट्रोकडे.

आता गंमत पहा. हाच आपला शेतकरी सांगोल्याच्या बाजारात बैल घ्यायला गेला, तर तो फसत नाही. तो आधी दात पाहतो. दोन दाती आहे, सहा दाती आहे, की जुळलेला आहे, हे त्याला जबड्यात बोट घातल्याबरोबर कळते. खांदा चाचपतो, चालवून पाहतो, आणि मग कुठे रुमालाखाली बोटे धरतो. तोच माणूस मोटारीच्या बाजारात गेला, की बाहेरचे पॉलिश आणि आतली नवी सीट-कव्हरे पाहून खूश होतो. "पाव्हणं, एकच मालक, गाडी नुसती घरीच उभी होती," असे विकणाऱ्याने म्हटले, की इसाराची रक्कम काढून देतो. मोटारीचे दात कुठे पाहायचे, एवढेच आज समजून घ्यायचे आहे.

त्यासाठी आधी घसारा म्हणजे काय ते पाहू. वापराने आणि वयाने वस्तूचे मोल जे झिजते, त्याला हिशेबात घसारा म्हणतात. पतपेढीच्या ताळेबंदात हा शब्द आपण वाचलेला असतो. मोटारीचा घसारा मात्र दरवर्षी सारखा नसतो. सुरुवातीला तो धबधब्यासारखा पडतो आणि पुढे पुढे संथ होतो. आयकराच्या हिशेबात मोटारीवर दरसाल १५ टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. पाच लाखांची गाडी धरली, तर पहिल्याच वर्षी ७५,००० रुपये गेले आणि ४,२५,००० राहिले. दुसऱ्या वर्षी या ४,२५,०००चे १५ टक्के. असे करीत दहा वर्षे संपताना सुमारे ९८,४०० रुपये उरतात, आणि अकराव्या वर्षाचा घसारा जेमतेम १४,८०० रुपये भरतो. पहिल्या वर्षी पाऊण लाख आणि अकराव्या वर्षी पंधरा हजार, हा फरक ध्यानात ठेवा.

विमा कंपन्यांचा तक्ता निराळा आहे. तिथे गाडीच्या कंपनीने जाहीर केलेल्या किमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के वजा होतात, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. म्हणजे पाच वर्षांत निम्मी किंमत गेली. आणि पाच वर्षांनंतर? तिथे तक्ता संपतो. पुढची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. तक्ता करणाऱ्यांनाही हे ठाऊक होते, की पाच वर्षांनंतर नुसत्या वयावरून गाडीचे मोल सांगता येत नाही. एकाच दिवशी एकाच दुकानातून निघालेल्या दोन गाड्या बाराव्या वर्षी निराळ्या झालेल्या असतात. एक डांबरी रस्त्याने, वेळच्या वेळी तेल बदलून चाललेली. दुसरी कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून रोज हाणलेली.

आपल्याकडचा दाखला घ्यायचा तर जुनी मोटार म्हणजे खोडवा. लागणीच्या उसाला बेणे, नांगरट, सरी सगळा खर्च येतो. खोडव्याला तो येत नाही, तो आधीच कुणीतरी सोसलेला असतो. पण खोडव्यात नांगे पडतात, ते भरावे लागतात, आणि उतारा कमी मिळतो. निडव्याला त्याहून कमी. एक वेळ अशी येते, की पीक मोडून रान मोकळे करणेच परवडते. जुन्या गाडीत तुमचा घसारा वाचतो, पण नांगे भरायचा खर्च, म्हणजे दुरुस्ती, तुमच्या अंगावर येतो. तेव्हा विकणाऱ्याला विचारायचा आणि स्वतःलाही विचारायचा प्रश्न हा, की या पिकात नांगे किती आहेत?

मात्र मोल केवळ झिजेवर ठरत नाही. बाजार आणि कायदा यांचाही त्यात हात असतो. याचे उत्तम उदाहरण आपल्याच तालुक्याशी नाते असलेले आहे. वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या लहान गाड्या निघाल्या. त्या काळात किती मोटारी बांधायच्या याला सरकारी परवान्याची मर्यादा होती. नव्या फियाटसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहावी लागे. परिणाम काय झाला? थोडी वापरलेली फियाट कधीकधी नव्या गाडीच्या सरकारी किमतीपेक्षा जास्त दामाने विकली जाई. तिथे घसारा उलटा चालला होता! १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढे १९९८-२०००च्या सुमारास सँट्रो, इंडिका, वॅगन-आर, आल्टो अशा गाड्यांची रांग लागली, आणि जुन्या गाडीचा तो तोरा उतरला.

याच पद्मिनीची अखेर पहा. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. काळ्या-पिवळ्या रंगातली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. ऑक्टोबर २०२३ संपता संपता तिची मुदत भरली, आणि टॅक्सी म्हणून तिचे मोल एका दिवसात शून्यावर आले. इंजिन त्या दिवशीही चालूच झाले असते.

खाजगी मोटारीला आपल्या राज्यात अशी बंदी नाही, पण उंबरठा आहे. नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली, की गाडी परिवहन कार्यालयात दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठी ही फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०,००० रुपयांवर नेली. शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो, आणि तपासणीत गाडी उतरावी म्हणून आधी जी डागडुजी करावी लागते, ती वेगळीच. म्हणून चौदा वर्षांची गाडी आणि अकरा वर्षांची गाडी यांत केवळ तीन वर्षांचे अंतर समजू नका. चौदावालीच्या किमतीतून हा पुढचा खर्च आजच वजा झाला पाहिजे.

बाजाराचेही तसेच. नव्या गाडीचा भाव उतरला, की जुनीचाही उतरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जी. एस. टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विकणारा जर त्याआधीच्या भावाचा दाखला देऊन अडून बसला, तर त्याला ही तारीख सांगायला हरकत नाही. याउलट २०२१च्या सुमारास सुट्या भागांच्या टंचाईमुळे नव्या गाड्या वेळेवर मिळेनात, तेव्हा जुन्यांचे भाव चढले होते. आणखी एक गोष्ट, ज्या गाडीचे भाग अकलूजच्या दुकानात मिळतात आणि जिचे काम गावचा मिस्त्री डोळे झाकून करतो, तिला उतारवयातही गिऱ्हाईक असते. मारुतीच्या गाड्या भाव धरून राहतात त्याचे मोठे कारण हे आहे. बंद पडलेल्या कंपनीची गाडी कितीही ऐटबाज असली आणि निम्म्या किमतीत मिळाली, तरी दाराची एक काच फुटली तर ती शोधत पुणे गाठावे लागते. माझे मत विचाराल, तर खेड्यात राहणाऱ्याने अशा गाडीच्या वाटेला जाऊ नये.

आता प्रत्यक्ष दात पाहू. पहिला दात किलोमीटरचा. घड्याळातला आकडा मागे फिरवता येतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. आकडा ४०,००० दाखवत असेल आणि क्लचच्या पायट्याचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, स्टिअरिंग चकाकत असेल, चालकाची सीट खचली असेल, तर घड्याळ खोटे बोलते आहे. सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्या मागा. त्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. पावत्यांची जपलेली पिशवी ज्याच्याकडे आहे, त्याच्या गाडीला पाच-दहा हजार जास्त द्यायला मी तरी मागेपुढे पाहणार नाही.

टायर तर स्वतःच आपला जन्म सांगतो. त्याच्या कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वरची नक्षी भरपूर दिसली तरी आठ-नऊ वर्षांचा टायर कडक होऊन तडकतो. दारांच्या काचांवरही साल सापडते. सगळ्या काचा एका सालाच्या आणि एकच काच नंतरची असेल, तर त्या बाजूला काय झाले होते ते विचारा. रंगाखाली पुट्टी भरली आहे का ते साध्या लोहचुंबकाने कळते. चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. पुट्टीवर तो धरत नाही. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे तो कधीच धरणार नाही, त्यावरून भांडण काढू नका.

इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा चालू करायला सांगा. गाडी आधीच गरम करून ठेवलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. मागून निळसर धूर आला, तर इंजिन तेल पिते आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधावरच्या साईसारखा फेस दिसला, तर तेलात पाणी मिसळत असावे, आणि ते मोठे दुखणे आहे. पेट्रोलच्या नळ्याही पाहायला सांगा. आपल्याच भागातल्या उसापासून झालेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते. जुन्या गाड्यांची रबरी नळी आणि वॉशर त्या मानाने बनवलेले नसतात, ते लवकर बदलावे लागू शकतात. खर्च फार नाही, पण नळी गळत असेल तर धोका मोठा आहे.

पुराच्या पाण्यात बसलेली गाडी ओळखणे हे मात्र खरे कसबाचे काम. नीरा-भीमेच्या काठच्या माणसाला पूर काय करतो ते वेगळे सांगायला नको. २००५ साली मुंबईत आणि २०१९ साली सांगली-कोल्हापुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या बाजारात येतात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पहा, तळाशी गाळाचा डाग राहिलेला असतो. मागच्या डिकीतला जादा टायर उचला, खालच्या खोलगट जागेत वाळू किंवा गंज आहे का पहा. आतल्या गालिच्याला कुबट वास येतो का पहा. वायरींच्या जोडात एकदा गाळाचे पाणी शिरले, की रोग कुठे निघेल सांगता येत नाही. असा संशय आला तर कितीही स्वस्त असली तरी ती गाडी सोडा. नंबरपाटीही थोडे सांगून जाते. एमएच ४२ बारामतीची, ४५ अकलूजची, १२ पुण्याची, आणि ०१ ते ०४ मुंबई-ठाण्याकडची. समुद्राच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीचा तळ आणि दारांच्या खालच्या कडा अधिक बारकाईने पाहाव्यात. दिल्लीकडच्या गाड्या फार स्वस्त मिळतात, कारण तिकडे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाच्या आदेशांनी निर्बंध आले. पण परराज्यातली गाडी इथे नोंदवताना आपल्या राज्याचा कर नव्याने भरावा लागतो. तो धरला, की स्वस्ताई बरीचशी विरते.

आता पाटी-पेन्सिल घ्या. आकडे हिशेबापुरते आहेत, गावोगाव कमीजास्त होतील. बारा वर्षांची आल्टो आहे, मागणी १,७०,००० रुपये. चार ठिकाणी चौकशी केली, तेव्हा अशाच वयाच्या चांगल्या गाडीचा भाव १,६०,००० निघाला. मिस्त्रीने पाहून सांगितले : चार टायर १४,०००, बॅटरी ४,५००, क्लच ८,०००, पुढच्या चाकांचे काम ६,५००. एकूण ३३,०००. हे सगळेच विकणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही, कारण चांगल्या म्हटलेल्या गाडीचेही टायर निम्मे झिजलेले असतातच, आणि नवे टायर तुम्हीच वापरणार आहात. तेव्हा २२,००० वजा धरा. योग्य किंमत झाली १,३८,०००.

ही गाडी चार वर्षे वापरून ७०,०००ला विकली असे समजा. खरेदी आणि दुरुस्ती मिळून १,७१,०००, त्यातून ७०,००० परत आले. चार वर्षांत १,०१,००० गेले, म्हणजे वर्षाला सुमारे २५,०००. दरसालची किरकोळ दुरुस्ती, सर्व्हिसिंग, पंधराव्या वर्षीचे नूतनीकरण यांचे सरासरी २०,००० धरा. झाले ४५,०००. वर्षाला ६,००० किलोमीटर चालवली तर किलोमीटरला साडेसात रुपये. पेट्रोल आणि विमा वेगळा.

आता पाच लाखांची नवी गाडी घ्या. विम्याच्या तक्त्याप्रमाणे चार वर्षांनी तीन लाख उरले. वर्षाला ५०,००० घसारा, वर ८,००० सर्व्हिसिंग. झाले ५८,०००. म्हणजे जुन्या गाडीत वर्षाला वाचले किती? सुमारे १३,०००! लोकांना वाटते त्याहून हा आकडा पुष्कळच लहान आहे. जुनी गाडी मागितलेल्या १,७०,०००लाच घेतली असती, तर त्यातले ८,००० गेले असते. आणि पाहणीत चूक होऊन ४०,०००चे इंजिनकाम निघाले असते, तर उरलेली बचत संपून वर खिशातून घालावे लागले असते. चांगली पाहून घेतलेली जुनी गाडी परवडते, न पाहता घेतलेली नव्यापेक्षा महाग पडते, ती अशी. कर्ज काढून घेणार असाल, तर मात्र जुनीचे पारडे बरेच जड होते. कारण सव्वातीन लाख जादा कर्जावर ९ टक्क्यांनी पहिल्याच वर्षी २९,००० रुपयांच्या वर व्याज होते. निवृत्तीला आलेल्या गुरुजींनी फंडातले पैसे घालायचे, की बँकेत हप्ता बांधायचा, याचा निर्णय या आकड्यावर करावा.

राहता राहिले कागद. इथे आपली माणसे सर्वांत ढिली असतात. गाडी अकलूजच्या पाव्हण्याला दिली, त्याने ती पुढे मेहुण्याला दिली, आणि नोंदणी-पुस्तकावर नाव मात्र पहिल्याचेच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. गाडी हातोहात फिरली होती, अपघात झाला तेव्हा ती तिसऱ्याच्याच ताब्यात होती. न्यायालयाने सांगितले, की ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे गाडी विकून दोन वर्षे झाली असली, तरी तिने केलेल्या अपघातासाठी तुमच्या घरावर नोटीस येऊ शकते. म्हणून विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून मागायचे, असा कायदा आहे. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र. कोऱ्या फॉर्मवर सही करून एजंटाच्या हाती देऊ नका.

पैसे देण्यापूर्वी एम-परिवहनवर नंबर घालून पहा. नोंदणीची मुदत, बोजा, विमा, आणि थकलेले चलनाचे दंड तिथे दिसतात. शाळेतला कुठलाही मुलगा हे दोन मिनिटांत काढून देईल. पत्र्याखाली ठोकलेला चेसिसचा नंबर नोंदणीशी ताडून पहा. गॅसवरची गाडी असेल, तर गॅसची नोंद पुस्तकात हवी आणि सी. एन. जी.च्या टाकीची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झालेली हवी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे का, तेही पहा. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर मागायचा. आणि "विम्याला पन्नास टक्के सूट आहे" या बोलण्यावर भाव वाढवू नका. अपघात न केल्याबद्दलची ती सूट माणसाची असते, गाडीची नसते. ती विकणाऱ्याबरोबर जाते.

व्यवहार ठरला, की पावती करा. तीत रक्कम, चेसिसचा नंबर, किलोमीटर आणि ताबा दिल्याची तारीख तर लिहाच, पण वेळही लिहा. सकाळी साडेदहाला ताबा दिला असेल तर साडेदहा. त्याच दिवशी दुपारी सराटीच्या पुलावर काही बरेवाईट झाले, तर गाडी तेव्हा कुणाच्या हाती होती हे दाखवायला तेवढी एक ओळ पुरते. पावतीच्या दोन प्रती, दोन्हीवर दोघांच्या सह्या. नव्या नावाचे कार्ड टपालाने घरी येईपर्यंत त्यातली एक प्रत गाडीतच असू द्या.